गाईच्या अंगावरची साय

खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी मला बसायला सांगितलं नाही. पडवीतल्या टेबलावर रबरी बुचाच्या तीन लहान काचेच्या बाटल्या ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे बोट करून म्हणाल्या, "एकेक उघड आणि वास सांग. घाई नाही."

गाव कुठलं, घरी कोण असतं, मटण-मासे खोलीत करणार का, अशा प्रश्नांची उत्तरं मी तयार ठेवली होती. ती तशीच राहिली. पहिली बाटली उघडली. व्हिनेगर. दुसरीला वेळ लागला. घामाने भिजून तसाच ठेवलेला सदरा असावा तसं काहीतरी. तिसरी उघडली आणि मी तोंड फिरवलं. तान्हं मूल दूध पिऊन ओकलं की येतो तो वास.

"तिन्ही बरोबर," बाई म्हणाल्या. "मागचा मुलगा तिसऱ्या बाटलीला निघून गेला. खोली तुझी."

मी तेव्हा श्रीवर्धनपासून जवळच एका गावात, एका खाजगी डेअरीच्या संकलन केंद्रावर नवीन लागलो होतो. साताऱ्याकडचा मुलगा, डेअरीचा डिप्लोमा केलेला. सकाळ-संध्याकाळ लोकांचं दूध घ्यायचं, नमुना मशीनला लावायचा आणि आकडे लिहायचे, हे माझं काम. मशीन दोन आकडे देतं. एक फॅट, म्हणजे दुधातली साय. दुसरा एसएनएफ, म्हणजे साय सोडून दुधात जो घट्टपणा असतो तो. पाणी घातलं की दोन्ही आकडे पडतात. साय काढली की पहिला पडतो, दुसरा जागेवर राहतो. या दोन आकड्यांवरून माणूस ओळखता येतो अशी माझी त्या वेळी समजूत होती.

गावात बाईंना सगळे लॅबवाल्या बाई म्हणत. मुंबईच्या एका पशुवैद्यकीय कॉलेजात त्यांनी तीस वर्षं प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली होती. तिथे एक बैल होता, त्याच्या कुशीला भोक पाडून झाकण बसवलेलं. संशोधनासाठी असं करतात. रोज सकाळी झाकण काढायचं, आत कोपरापर्यंत हात घालून पोटातलं पाणी काढायचं, ते फडक्यातून गाळायचं आणि त्यात कुठलं आम्ल किती आहे ते मोजायचं. तीस वर्षं हेच. बैल बदलले, प्राध्यापक बदलले, बाई त्याच राहिल्या. निवृत्त झाल्यावर आईवडिलांच्या घरी परत आल्या. लग्न केलं नव्हतं. मी एकदा चुकून काकू म्हणालो तर त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "काका कुठायत?"

बाटल्यांचं कारण त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. करोनात त्यांचं नाक गेलं होतं. बाकी सगळं परत आलं, वास आला नाही. "घरात एक नाक लागतं," त्या म्हणाल्या. "गॅस उघडा राहिला तर कुणाला तरी कळायला हवं. माणूस काय, कुठलाही मिळतो."

मग रोज संध्याकाळी मी जिना चढायच्या आधी चौकशी होई. आज कसला वास येतोय? बागेत सुपारी सोलायला घेतली का? शेजारी सुकट भाजली का? मी सांगायचो. त्या मान हलवायच्या आणि स्वतःच्या मनात कुठेतरी नोंद करायच्या. रविवारी त्या तिन्ही बाटल्या उघडत, एकेक नाकाशी धरत, थोडं थांबत आणि बूच लावत. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. मग म्हणायच्या, "आज पण रजेवर."

बाई गुरांना अहो-जाहो करत आणि माणसांना अरे-तुरे. सरपंचांनाही. एकदा मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "गुरांशी माझा नोकरीचा संबंध आहे."

रस्त्यात कुणाची गाय रवंथ करत बसलेली दिसली की बाई थांबायच्या. हातात पिशवी, डोक्यावर ऊन, आणि ओठ हलताहेत. एका घासाला गाय किती वेळा चावते ते मोजत असायच्या. पन्नासच्या वर गेलं की "छान आहात" म्हणून पुढे निघत. कमी भरलं तर गोठ्याच्या मालकाचं दार वाजवत आणि काय खायला घालतोस ते विचारत. दुपारी झोपलेल्या माणसाला उठवून हे विचारलं जायचं. भांडायला कुणी येत नसे, कारण बाई उत्तर ऐकून, त्यांना सांगायचं ते सांगून लगेच निघून जात.

त्यांचं सांगणं ठरलेलं होतं. "गाय गवत खाते असं तुला वाटतं. गाय गवत खात नाही. गवत खातात तिच्या पोटातले जंतू. ते खाऊन त्यांनी जे आंबट टाकलं, त्यावर गाय जगते. आपण भाकरी खातो तेव्हा साखर थेट आपल्या रक्तात जाते. गाईचं तसं नाही. तिच्या नशिबात आंबट."

हे आंबट म्हणजे तीन आम्लं, आणि त्यांची नावं बाई क्वचितच घेत. त्यांच्या लेखी त्या तीन बहिणी होत्या. थोरली ॲसिटिक. पेंढा, गवत, काहीही चिवट खाल्लं की ती जास्त होते, आणि दुधातली साय बरीचशी तिच्यापासून बनते. मधली प्रोपिओनिक. दाणे, भात, पीठ खाल्लं की ती वाढते. ती काळजात, म्हणजे यकृतात, जाते आणि तिथे तिची साखर होते, गाईला ताकद येते. धाकटी ब्युटिरिक, सगळ्यांत थोडी आणि वास सगळ्यांत मोठा. "तिघी प्रमाणात नांदल्या की घर चालतं," असं म्हणून त्या विषय बंद करत.

माणसांनाही हाच हिशेब लावत. ग्रामसेवक मधलीचा माणूस, म्हणजे धावतो फार, हाताला काही लागत नाही. माझ्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुझं अजून आंबायचंय."

आता वहिनींचं सांगतो, कारण बाई मला खऱ्या कळल्या त्या तिथे.

समुद्राच्या रस्त्याला वहिनींची खाणावळ होती. सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या लागत. मासे, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि शेवटी उकडीचा मोदक, वर तूप. वहिनींकडे एक जर्सी गाय होती. गावात तशी दुसरी नव्हती. अंग असं चकचकीत की पर्यटक फोटो काढत. तिचं दूध सकाळी वहिनी स्वतः केंद्रावर आणून घालत.

पावसाळा संपल्यावर त्या दुधाची फॅट पडायला लागली. चारच्या आसपास असायची ती तीनवर आली, मग अडीच, मग त्याच्याही खाली. एसएनएफ मात्र जागच्या जागी. पाणी नव्हतंच. म्हणजे साय. आणि साय कुठे जाते हे कुणीही सांगितलं असतं. मोदकावर तूप दिसत होतं.

आमच्या साहेबांचा नियम होता. ते माणगावला बसत. तीनदा असं दूध आलं की केंद्राच्या फळ्यावर नाव लिहायचं. मी खडू घेतला आणि वहिनींचं पूर्ण नाव लिहून पुढे लिहिलं, साय काढलेले दूध. अक्षर माझं चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी वहिनी कॅन घेऊन आल्या. रांग होती. त्यांनी फळा वाचला. मग माझ्याकडे आल्या.

"तुमी लिवलंत?"

"मशीनने दाखवलं, वहिनी. माझ्या हातात काही नाही."

"मशीन माझ्या घरी आलं व्हतं काय साय काडताना बघायला?"

मी पुढचा नमुना मशीनला लावला. रांगेतलं कुणीतरी हसलं. वहिनींनी कॅन तिथेच ठेवला आणि रिकाम्या हाताने गेल्या. त्या शनिवारी त्यांनी खाणावळ उघडली, पण मोदक केले नाहीत. लोक म्हणाले, बघा, आता तूप कुठून आणणार.

मी हे बाईंना संध्याकाळी सांगितलं, गावातली एक बातमी म्हणून. त्या तांदूळ निवडत होत्या.

"एसएनएफ किती?"

"साडेआठ."

"पाव किती?"

"कसला पाव?"

"गाईला पाव किती घालते ती?"

मला माहीत नव्हतं. मी ती गाय कधी जवळून बघितलीच नव्हती. दूध बघितलं होतं.

"उद्या रजा टाक," बाई म्हणाल्या आणि ताट बाजूला ठेवलं.

सकाळी आम्ही वहिनींच्या गोठ्यात गेलो. वहिनी मला बघून आत वळल्या, बाईंना बघून थांबल्या. बाईंनी गाईला नमस्कार केला, तिच्या पाठीवर हात फिरवला, बरगड्या शोधल्या. त्या सापडल्या नाहीत. शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाद्या झाल्या होत्या. शेण काठीने उलगडून बघितलं, ते सैल होतं. मग रवंथ मोजली. अठ्ठावीस. कोपऱ्यात पोतं होतं, ते उघडलं. बेकरीतले शिळे पाव, काठोकाठ. बाजूला बादलीत पाहुण्यांचा उरलेला भात.

"रोज?"

"व्हय. पेंढ्याला त्वांड लावत न्हाय आता. लाडाची हाय," वहिनी म्हणाल्या.

"आता वास," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं.

गाय रवंथ करते तेव्हा ढेकर देते. त्या ढेकरीत पोटातलं आंबट असतं. मला गाईच्या तोंडापासून वीतभर अंतरावर स्टुलावर बसवण्यात आलं. पहिली ढेकर आली.

"काय?"

"आंबट."

"आंबट असणारच. कोण जास्त?"

"मधली... वाटते."

"वाटते की आहे?"

"नक्की नाही."

"मग बस."

मी साडेअकरापर्यंत बसलो. गोठ्याबाहेर लोक जमले. एका पर्यटकाने बाईंना विचारलं, गाईचा श्वास घेतल्याने फुप्फुसं सुधारतात का? बाई म्हणाल्या, "या पोराचं झालं की बसा." तो खरंच थांबला होता. नवव्या-दहाव्या ढेकरीनंतर मला व्हिनेगर मागे आणि घामट वास पुढे असा फरक जाणवायला लागला. मी तसं सांगितलं.

बाई वहिनींकडे वळल्या. "साय चोरीला गेलीय, हे खरं आहे."

वहिनींचा चेहरा उतरला.

"गाईंनी चोरलीय. पाव आणि भात खाऊन पोटात मधली वाढली, थोरली कमी पडली. साय कशाची होणार? आणि मधलीची साखर झाली, की अंग म्हणतं, दुधात कशाला, मलाच दे. तुझी साय वाटीत नाही, कढईत नाही. ती बघ." त्यांनी गाईच्या चकचकीत पाठीवर थाप मारली.

"माझ्या गाईला चोर म्हंता?" वहिनी म्हणाल्या.

"तुला म्हणतायत त्यापेक्षा बरं."

ठरलं ते असं. पाव बंद, भात बंद. भाताचा पेंढा, हिरवं गवत आणि मूठभर भुसा. पंधरा दिवस. रोज पहाटे मी स्वतः गोठ्यात जायचं, माझ्यासमोर धार काढायची, कॅनला झाकण मी लावायचं आणि केंद्रावर मीच न्यायचं, म्हणजे साय काढायला कुणाला सवड नको. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, करा काय करायचं ते, फळ्यावरचं नाव तोवर राहील.

गाय पहिले दोन दिवस पेंढ्याकडे बघत उभी राहिली. तिसऱ्या दिवसापासून खाणावळीच्या खिडकीशी तोंड करून हंबरायला लागली. गिऱ्हाईकं जेवताना ती हंबरायची. दूध कमी झालं. फॅट मात्र सहाव्या दिवशीही होती तिथेच. सातव्या पहाटे वहिनी धार काढताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काल चार पाव घातले. बघवंना."

मी ते बाईंना सांगितलं. बाई तशाच चपला घालून गोठ्यात आल्या, गाईसमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, "तुम्ही खाल्लेत?" मग वहिनींना म्हणाल्या, "पहिल्यापासून मोजायचे दिवस." वहिनींनी पावाचं पोतं उचललं आणि समोरच्या घरी कोंबड्यांना नेऊन दिलं.

त्या दुपारी बाईंनी त्यांच्या जुन्या प्राध्यापकांना फोन लावला. ते कधीच निवृत्त झालेले. मी शेजारी होतो. फोन ठेवून बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "सर म्हणाले, आता पुस्तकं वेगळं सांगतात. थोरली-मधलीचं जुनं झालं. पोटात चरबीचंच काहीतरी निराळं रूप तयार होतं आणि ते कासेला साय करू देत नाही, असं सापडलंय."

"म्हणजे आपलं चुकलं?"

"चाऱ्याचं नाही चुकलं. त्यालाही उपाय पेंढाच आहे." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "मला दुसरंच वाटतंय. नाक असतं तर मी पहिल्याच दिवशी छातीठोक सांगितलं असतं. आज मी तुझ्या नाकावर एका बाईची अब्रू लावलीय. आणि तुझं नाक डिप्लोमाचं."

त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं. मी म्हणालो, "उद्या परत जाऊन बसतो." आणि त्यानंतर रोज धार झाल्यावर मी स्टुलावर बसायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. वासात फरक पडला की नाही हे मला कळत नसे. पण रवंथ मी मोजत होतो. चौतीस. एकेचाळीस. सत्तेचाळीस. ते आकडे घरी आल्यावर बाईंना सांगायचो आणि त्या पुन्हा म्हणायला लावायच्या.

पाव बंद झाल्यापासून अकराव्या दिवशी फॅट तीन लागली. चौदाव्या दिवशी साडेतीन. सोळाव्या दिवशी तीन आठ. मी नमुना पुन्हा लावला. तीन आठ. रांगेतल्या माणसांना मशीनचा पडदा वळवून दाखवला. ज्याच्या हसण्याचा आवाज मला आठवत होता, त्याने आपला कॅन पुढे सरकवला.

साहेब फोनवर म्हणाले, "नाव पुसून टाक. विषय वाढवू नको."

मी ओला फडका घेतला. तेवढ्यात वहिनी आल्या आणि फळ्यासमोर उभ्या राहिल्या.

"नुसतं पुसू नका. जेवढ्या अक्षरात लिवलंत, तेवढ्याच अक्षरात लिवा, का साय काडली नव्हती."

मी लिहिलं. वहिनींचं पूर्ण नाव, आणि खाली, यांनी साय काढली नव्हती, आमची तपासणी अपुरी होती. साहेबांना ते तीन दिवसांनी कळलं आणि मला माणगावला बोलावून जे ऐकवायचं ते ऐकवलं. पण तीन दिवस ते फळ्यावर होतं. वहिनींनी बाईंचंही नाव लिहायला सांगितलं होतं, कुणी शोधलं ते लोकांना कळू दे म्हणून. मी घरी जाऊन विचारलं. बाई म्हणाल्या, "नको. तीस वर्षं मी मोजलं आणि नावं सरांची लागली. एकदा एका निबंधाच्या शेवटी माझे आभार मानले, त्यात आडनाव चुकवलं. आता सवय झालीय."

त्या सकाळी माझं लिहून झाल्यावर वहिनींनी फळा दोनदा वाचला. मग कॅन उचलला, भरलेलाच, आणि म्हणाल्या, "उद्यापासून दूध घालनार न्हाय."

मी त्यांना समजावलं. गाय सुधारली आहे, फॅट चांगली लागतेय, आता कुणी शब्द काढणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझं दूध मी घरात ठेवीन. साय काडीन, तूप करीन. कुनाला विचारायचं न्हाय."

मी घरी येऊन बाईंना हे सांगितलं. वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल. त्या हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं, आवाज न करता खांदे हलत होते. "म्हणजे तू फळ्यावर पहिलं जे लिहिलं होतंस," त्या म्हणाल्या, "ते आता खरं झालं."

मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींच्या वेळेला मी उगाच रस्त्याकडे बघत होतो. संध्याकाळी बाईंनी फर्मान काढलं. "आठवड्याला एकदा जाऊन रवंथ मोजून यायची. तुझं काम नाही, माझं आहे. माझे गुडघे दुखतात."

बाईंचे गुडघे दुखत नव्हते. त्या रोज समुद्रापर्यंत चालत जायच्या.

मी जायला लागलो. पहिल्या खेपेला वहिनी बोलल्या नाहीत. मी गोठ्यात उभा राहून मोजलं, बावन्न, आणि निघालो. दुसऱ्या खेपेलाही तसंच. तिसऱ्या खेपेला अवकाळी पाऊस भुरभुरत होता, गिऱ्हाईक नव्हतं. मी मोजून वळलो तर बाकावर चहाचा कप ठेवलेला होता. वहिनी हातात वाटी आणि चमचा घेऊन उभ्या होत्या.

"साय घालू काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "घाला."